गोदीतला संप : नोटीस दिली, पुढे काय?

प्रश्न : गोदीत संपाची नोटीस लागली की सरकार बैठक बोलावतं आणि संप टळतो. हे कोणत्या आधारावर?

उत्तर : २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या, म्हणजे कामगार-मालक वादांच्या केंद्रीय कायद्याच्या. नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही आणि ६० दिवसांनी ती नोटीस शिळी होते. मोठी बंदरं केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे समेट अधिकारीही (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) केंद्राचाच. खरी मेख इथे आहे : त्याची पहिली बैठक झाली की समेट सुरू झाला असं धरतात आणि तो संपल्यावर ७ दिवस उलटेपर्यंत संप बेकायदा. म्हणून बैठकीची तारीख त्या १४ दिवसांतच पडते.

‘संप नको, सगळे रजा टाकू’ ही पळवाटही बंद आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. दंड १,००० ते १०,००० रुपये, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही.

मात्र बंदीने फक्त वेळ मिळतो. २८ ऑगस्ट २०२४चा देशव्यापी बंदर संप आदल्या दिवशी मिटला तो ८.५ टक्के पगारवाढीवर. त्या वेतनश्रेणीची मुदत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आहे. पुढचं मागणीपत्र त्याआधी हातात हवं.