योगाने डिप्रेशनच्या गोळ्या सुटतात का? आसनं कोणती करावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला डिप्रेशन, चार महिने एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी १० मिलिग्रॅम चालू, आणि दांडिया बाजारातल्या ओळखीच्यांनी सांगितलंय की सकाळी पाचच्या वर्गाला घाला, दीड महिन्यात गोळ्या सुटतील. मी बडोद्यातच योग शिकवते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गोळ्या चालू असतात. ‘पाचचा वर्ग’ वाचलं आणि राहवलं नाही.

डिप्रेशनमध्ये पुष्कळांची सकाळ सगळ्यात वाईट असते. तीन-चारला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, आणि अंथरुणातून उठणं हाच मोठा डोंगर. अशा माणसाला पाच वाजता चटईवर बोलावलं की तो दोन दिवस येतो, तिसऱ्या दिवशी येत नाही, आणि ‘आपल्याला साधा योगही जमत नाही’ ही आणखी एक टोचणी घरी घेऊन बसतो. जी वेळ तिला त्यातल्या त्यात बरी जाते तीच घ्या. बहुधा अकरा किंवा संध्याकाळचे पाच. तिथून दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे आणत साडेसात-आठपर्यंत या, कारण सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला तर झोपेचं चक्र सुधारायला मदत होते. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा नाद सोडा, खिडकीपाशी करा.

दुसरं खूळ शवासनाचं. एक वहिनी दुसऱ्या एका वर्गातून माझ्याकडे आल्या होत्या. तिथे रोज वीस मिनिटं डोळे मिटून शवासन आणि ‘विचारांकडे साक्षीभावाने पाहा’. ज्याच्या डोक्यात ‘माझ्यामुळे सगळं बिघडलं’ हे एकच जातं दिवसभर फिरतंय, त्याला अंधारात आडवं पाडून त्या जात्यासमोर बसवायचं? त्या रडायच्या, आणि शिकवणारे म्हणायचे, मळ निघतोय. मग ‘योग आणि गोळ्या एकत्र चालत नाहीत’ असं ऐकून त्यांनी गोळी एकदम बंद केली. चौथ्या दिवशी चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं. तिथे त्यालाही ‘शुद्धी’ म्हणाले. ही गोळी अचानक तोडली की आयुष्यात कधी आसन न केलेल्या माणसालाही हेच होऊ शकतं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, त्यानंतर आमचं काम सुरू झालं.

पहिला आठवडा फक्त अठरा मिनिटं, आणि सगळं डोळे उघडे ठेवून. भिंतीला पाठ, टाचा भिंतीपासून दोन बोटं पुढे, समोर कॅलेंडरवर नजर. श्वास घेताना दोन्ही हात वर, सोडताना खाली, दहा वेळा. मग घडीच्या खुर्चीवर हात टेकून अर्धे सूर्यनमस्कार, तीन. आपल्याकडे रथसप्तमीला १०८ घालण्याची हौस असते, पण इथे तीन म्हणजे तीनच. पाचव्याला थकली तर उद्याचे शून्य होतात. लय मात्र रेंगाळती नको. अंग आधीच जड असतं, त्याला जरा हलवावंच लागतं.

खरं काम छाती उघडण्याचं. डिप्रेशनमधल्या माणसाचे खांदे पुढे, छाती आत, श्वास वरवरचा. लोड नसेल तर दोन सतरंज्या घट्ट गुंडाळून वीतभर रुंद वळकटी करा, चटईवर लांबीत ठेवा. तिच्या एका टोकासमोर बसायचं, कंबर टोकाला जवळजवळ लागलेली, आणि पाठ वळकटीवर टेकवत मागे जायचं. डोक्याखाली टॉवेलची घडी, हात बाजूला पसरलेले, तळवे वर. चूक इथे होते: वळकटीचं टोक कंबरेच्या खळग्याखाली येतं आणि दोन मिनिटांत कंबर धरते. तसं झालं तर बैठक चार बोटं पुढे सरकवा. दुसरी चूक डोक्याची. टॉवेल पातळ पडला की हनुवटी छताकडे जाते, कपाळ मागे पडतं, आणि काहींना घाबरल्यासारखं होतं. कपाळ हनुवटीपेक्षा जरासं उंच असलं पाहिजे. आधी तीन मिनिटं, नंतर पाच. त्या वहिनींनी चौथ्या दिवशी या स्थितीत एक मोठी जांभई दिली. मला ती त्यांच्या आधीच्या सगळ्या रडण्यापेक्षा जास्त कामाची वाटली.

सेतुबंध करायचा तर वीट कंबरेच्या खालच्या अंगाला असलेल्या सपाट हाडाखाली येऊ द्या, कंबरेच्या खळग्याखाली नको. खुर्चीवरची मोठी बॅकबेंड व्हिडिओ बघून घरी करू नका.

शेवट आडवं पडूनच करायचा असेल तर पिंढऱ्या खुर्चीवर, डोळे पंख्यावर, दोन मिनिटं. तेवढ्यात कानावर आलेले तीन आवाज सांगायला लावा: स्कूटर, कुकरची शिटी, भाजीवाल्याची हाक. मग कुशीवर वळून उठणं. उठताना घाई नको. या औषधांपैकी काहींनी, विशेषतः ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी, रक्तदाब पटकन उतरतो आणि उत्तानासनातून, म्हणजे पुढे वाकलेल्या स्थितीतून, ताठ उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

श्वासाचं म्हणाल तर खुर्चीत बसून पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. मोजण्याच्या नादात लोक श्वास कोंडून धरतात. कुंभक अजिबात नको. पाच जमत नसेल तर तीन-तीन. नंतर भ्रामरी पाच वेळा. छातीत धडधड आणि घाबरटपणाही असेल तर शेकड्यांनी कपालभाती घालू नका. जोरजोराने श्वास मारला की कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ-बोटं मुंगावतात आणि पॅनिकचा झटका आला असं वाटतं.

‘योगाने बरं होतं हे सिद्ध झालंय’ म्हणणारे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या एका प्रयोगाचा दाखला देतात. तो २००० साली छापून आला. दाखल झालेले ४५ रुग्ण, पंधरा-पंधराचे तीन गट, चार आठवडे: एकाला विजेचे उपचार, दुसऱ्याला इमिप्रामिन ही डिप्रेशनची जुनी गोळी, तिसऱ्याला सुदर्शन क्रिया, म्हणजे लयीत श्वास घेण्याची क्रिया. बरे झाले अनुक्रमे ९३, ७३ आणि ६७ टक्के. क्रिया गोळीच्या जवळपास पोचली, एवढं लोक सांगतात. विजेचे उपचार दोघांच्या पुढे होते आणि सगळं रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, हे गाळतात. डभोईला १८८३ साली जन्मलेले, बडोद्यात माणिकरावांकडे तालीम घेतलेले आणि मालसरला माधवदासजींकडे योग शिकलेले योगसंशोधक कुवलयानंद १९२४ साली लोणावळ्याला जाऊन योगक्रिया एक्स-रे आणि दाबमापकावर तपासत बसले. त्यांच्या गावच्या परिसरात आपण अजून ‘मळ निघतोय’वर चालतो, याचा मला राग येतो.

तर गोळ्या. योगाने पुष्कळांना फायदा होतो, विशेषतः सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये, औषधाच्या जोडीला. ‘दीड महिन्यात सुटतील’ ही थाप आहे. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर बहुधा सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, आणि मग पायरी-पायरीने उतरवतात. कधी आणि किती, ते त्यांनी ठरवायचं, मीही नाही. डॉक्टरांना दाखवायला दर पंधरवड्याला पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजण्याची प्रश्नावली भरून घ्या. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, मराठीतही मिळते. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या, उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रात्री-अपरात्री टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

राहिलेलं. पूर्वी कधी चार-पाच दिवस न झोपता उत्साहात वावरणं, उधळपट्टी असं झालं असेल तर भस्त्रिका आणि जोराच्या क्रिया बंद, आणि ते डॉक्टरांना सांगितलंय का ते बघा. लिथियम (मनाचे चढ-उतार आवरणारं औषध) चालू असेल तर उपास, घामाघूम करणारे वर्ग आणि शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करण्याची क्रिया) तिन्ही टाळा. शरीरातलं पाणी-मीठ हललं की लिथियमची पातळी चढते, हात कापायला लागतात, पुढे विषबाधाही होते. काचबिंदू किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर डोकं खाली येणारं काही नको.

घरी ‘कर गं, बरं वाटेल’ म्हणू नका. चटई रात्रीच पलंगाशेजारी पसरून ठेवा आणि ठरल्या वेळी तुम्ही स्वतः हात वर-खाली करायला उभे राहा. ती नुसती बसून राहिली तरी तो दिवस वहीत लिहा. पाचच्या वर्गाचे पैसे भरून झाले असतील तर संध्याकाळची तुकडी आहे का विचारा. नसेल तर पैसे गेले समजा.