मिरगाच्या आत वाळतील तेवढीच

ताई, तुमची अडचण वाचली. मालवणजवळ घर, आठ वर्षांच्या लेकीची नव्वदेक सॉफ्ट टॉईज, पावसाळाभर त्यांना येणारा कुबट वास, धाकट्याच्या सकाळच्या शिंका. सासूबाई म्हणतात परसात नेऊन पेटवा, आणि विषय काढला की लेक रडायला लागते.

आधी पेटवण्याचं बोलते, कारण ते एकदा झालं की मागे घेता येत नाही. आपल्याकडे पातेरा, म्हणजे गळलेला पाला, जाळायची सवय आहे, त्यामुळे अंगणात काहीही पेटवणं साधं वाटतं. पण ही खेळणी सुती कापडाची नसतात. आत पॉलिस्टरचे तंतू, वर पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिकची लव. ती वितळत जळते, धूर विषारी असतो, आणि तो त्याच शिंकणाऱ्या मुलाच्या छातीत जाणार. व्हाळात किंवा खाडीतही टाकू नका. ते तंतू कुजत नाहीत, पुढच्या भरतीला कुणाच्या तरी दारात येऊन पडतात.

मी चोवीस वर्षं वेंगुर्ल्याकडे अंगणवाडीत काम केलं. कापडी खेळणी धुणं, उसवणं, पुन्हा शिवणं हे तिथे रोजचंच होतं. त्या अनुभवावरून एकच मोजमाप सांगते. किती ठेवायची ते कपाटातल्या जागेवरून ठरवू नका. मे महिन्यात तुमच्या अंगणात जेवढी पूर्ण वाळतील, तेवढीच ठेवा. आंबोशी, कोकमं, सांडगे आपण मिरग लागायच्या आत वाळवून बरणीत भरतो. जे ओलं राहतं ते जुलैत बुरसतं. टेडीचंही तसंच आहे.

शिंकांचं कारणही बहुतेक हेच असावं. घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे असतात, डस्ट माइट म्हणतात त्यांना. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कणांवर ते जगतात आणि लागणारं पाणी हवेतून ओढून घेतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली तर ते फार टिकत नाहीत. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती ८५च्या वर असते, आणि लवदार कापूसभरलं खेळणं म्हणजे त्यांचं घरच. मूल त्यात नाक खुपसून झोपतं. म्हणून धाकट्याच्या अंथरुणात आजपासून एकही नको. तो वर्षाच्या आतला असेल तर ॲलर्जी असो वा नसो, अंथरुणात मऊ खेळणं ठेवायचंच नाही, श्वास कोंडण्याचा धोका असतो. शिंकांबरोबर दम लागत असेल, छातीत घरघर होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. खेळणी काढली की बरं होईल म्हणून थांबू नका.

आता लेकीचं. इथे मी स्वतः चुकले होते, ते सांगते.

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिची तीसेक खेळणी मी तिला न सांगता गोणीत भरून माळ्यावर टाकली. त्यात एक पांढरा ससा होता. चार दिवस ती विचारत राहिली, "आये, माजो ससो खंय आसा?" मी सांगितलं, गावाक गेलो. गणपतीची आरास काढायला माळ्यावर चढलो तेव्हा ती गोणी खाली आली. उंदरांनी ससा फोडून आत पिल्लं घातली होती, आणि हे तिने पाहिलं. ती त्या दिवशी रडली नाही. पण पुढे कितीतरी महिने शाळेत जाताना आपल्या वस्तू लपवून जायची. माझ्यापासून. म्हणून हात जोडून सांगते, तिच्या नकळत एकही खेळणं हलवू नका.

तिच्याबरोबर बसा. सगळी एकदम अंगणात मांडा, नाहीतर ओटीवर चटई टाकून तिथे. "कुठलं टाकूया?" असं विचारू नका. "ह्याचं नाव काय?" असं विचारा. अंगणवाडीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय, मुलाला खऱ्या जिव्हाळ्याच्या बाहुल्यांना नाव असतं, आवाज असतो, कोण कुणाचा भाऊ तेही ठरलेलं असतं. नव्वदात अशी दहा-पंधराच निघतील. ती राहणार, हे तिला आधीच सांगून टाका. मग बाकीच्यांबद्दल ती स्वतःच बोलायला लागते. एखाद्यावर अडली तर ते राहू दे, पुढच्या मे महिन्यात पुन्हा विचारा.

राहिलेली सुस्थितीतली द्यायची असतील तर जवळच्या अंगणवाडीच्या ताईंना आधी विचारा, परस्पर गोणी नेऊन ठेवू नका. आम्हाला अशा गोण्या यायच्या, अर्ध्या ओल्या, एक कान नसलेल्या, आणि त्यांची विल्हेवाट आम्हालाच लावावी लागायची. धुतलेली, वाळलेली, धड शिवणीची तेवढीच द्या. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बटणाचे किंवा मण्याचे डोळे चालत नाहीत, ते उपटून तोंडात जातात. डोळे काढून त्या जागी जाड दोऱ्याने भरतकाम केलं की झालं, एका खेळण्याला दहा मिनिटं लागतात. जत्रेत रिंग टाकून जिंकलेली स्वस्तातली खेळणी मात्र नीट तपासा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का बंधनकारक आहे, तो त्यांच्यावर बहुधा नसतो. शिवण ओढून पाहा, उसवत असेल तर दुसऱ्याच्या मुलाला देऊ नका.

धुण्याचं आता सविस्तर, कारण वास तिथूनच सुरू होतो.

पोटात गाणारी डबी किंवा बॅटरी असेल तर पाठीची शिवण चार बोटं उसवा, डबी काढा, धुऊन वाळल्यावर पुन्हा शिवा. लहान खेळणी उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि मशीनला हलक्या फेऱ्यावर लावा. साबण नेहमीच्या निम्मा, कारण आत राहिलेला साबण ओल धरून ठेवतो. शेवटचं पाणी दोनदा काढा. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात करा. मीठ हवेतली ओल ओढतं, आणि नीट वाळवलेलं खेळणंही आठवड्यात चिकट लागतं.

माइट मरायला पाणी साधारण ६० अंश लागतं आणि तेवढ्या गरम पाण्यात लव गोळा होते. त्यावर उपाय फ्रीझरचा. दोन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवा, शेजारच्या बांगडा मासळीचा वास लागू नये म्हणून दोन. एक पूर्ण दिवस पुरतो, पण आपल्याकडची वीज धरून मी दोन दिवस ठेवते. त्यानंतर धुवायचंच, कारण मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा आत राहते आणि शिंका त्यानेच येतात.

वाळवताना कानाला चिमटा लावून टांगू नका, पाण्याच्या वजनाने शिवण ताणते. मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा मिळाला तर दोन माडांना झोळीसारखा बांधा आणि त्यावर पसरा, वारा खालून-वरून लागतो. सुकत घातलेल्या मासळीपासून लांब. लहानाला एक कडक दिवस पुरतो, मोठ्या अस्वलाला तीन. बाहेरची लव आधी वाळते आणि फसवते. पोटात बोटं रुतवून दाबा, गार लागलं तर आत ओल आहे.

काळे ठिपके दिसले तर आधी अंगणात नेऊन, तोंडाला फडकं बांधून, ब्रशने झटका. बुरशी आत शिरली असेल तर भरण फेकून द्या, कातडं धुवा, वाळवा आणि नवा पॉलिस्टर कापूस भरा. आमच्या आजीच्या उशा सावरीच्या कापसाच्या असत, मलाही आधी तोच भरावासा वाटला होता. पण तो धुतला की गठ्ठे होतात, खेळण्यात नको.

मे अखेरीस राखलेली सगळी झाकणाच्या पारदर्शक डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, मुलं ही खेळणी तोंडाला लावतात. पश्चिमेच्या भिंतीला डबा टेकवू नका, पावसाचा मारा तिथेच असतो. पावसाळ्यात लेकीजवळ दोनच बाहेर असू देत, कुठली ते ती ठरवेल.

आणि पुढच्या चतुर्थीआधी मुंबईच्या माणसांना फोन करा. दरवर्षी प्रत्येक चाकरमानी प्रेमाने एक टेडी आणतो, नव्वद अशीच झाली असणार. "काकानू, यंदा टेडी नको, चित्रांची वही आणा," एवढं सांगितलं तर कुणी रागावत नाही.

यंदाचा पाऊस जवळपास सरलाय. ऑक्टोबरचं ऊनही चांगलं कडक असतं, तेव्हा पुढच्या मे महिन्यासाठी थांबू नका, दसऱ्यानंतर सुरुवात करा. पहिल्या दिवशी धुवायला पाचच काढा. एखादं मोठं अस्वल असेल तर त्याला हात लावायच्या आधी पाठीच्या शिवणीचा फोटो पाठवा, कुठून उसवायचं ते सांगते.