चिडकं मूल, दुधाचा पेला आणि लोह

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. गेले काही महिने फार चिडचिड करते, एका खेळात पाच मिनिटं रमत नाही, रात्री झोपेत पाय झाडते. भिंतीचे पोपडे आणि खडू खाताना दोनदा सापडली. जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवते, पण दूध तिन्ही वेळा मोठा पेला भरून घेते, म्हणून पोषणाची काळजी वाटली नव्हती. सासूबाई बुद्धीसाठी भिजवलेले बदाम द्यायला सांगतात. द्यावेत का? – एक आई, सातारा

उत्तर : बदाम द्या, मात्र कूट करून. या वयात अख्खा बदाम श्वासनलिकेत अडकू शकतो. पण तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची गोष्ट बदाम नाही, ते तीन पेले दूध आहे.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ११ मिलिग्रॅम लोह लागतं. दुधात ते नसल्यात जमा. शिवाय पाऊण लिटर दुधाने पोट भरतं, भाकरी-उसळीची भूक मरते आणि दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. चिडचिड, एकाग्रता नसणं, रात्रीचे अस्वस्थ पाय आणि खडू-माती खाणं, ही चारही लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर घ्यावा. लक्ष देणं आणि मन आवरणं ज्यावर अवलंबून आहे ते डोपामिन बनवायला मेंदूला लोह लागतं. मज्जातंतूंवरचं वेष्टण तयार व्हायलाही लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के बालकं रक्तक्षयी आढळली. म्हणजे हे दुर्मीळ दुखणं नव्हे, आणि मुलीला ‘हट्टी’ ठरवण्याआधी ते तपासायलाच हवं.

बालरोगतज्ज्ञांना सांगून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), दोन्ही तपासून घ्या. तिच्या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय. पण शरीरातला साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन ‘नॉर्मल’ आलं तरी निर्धास्त होऊ नका. फेरिटिन १२ च्या खाली असेल तर साठा संपला असं समजतात. सर्दी-तापात फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा मुलगी बरी झाल्यावर रक्त तपासायला द्या.

घरी आजपासून करायची गोष्ट म्हणजे दूध दिवसाला ४०० मिलिलिटरवर आणणं. एकदम तोडू नका; दर तीन दिवसांनी एका पेल्यातून अर्धी वाटी कमी करा. दूध जेवणासोबत नको, मध्ये निदान तासाभराचं अंतर ठेवा. बशीतला दोन घोट चहासुद्धा बंद, कारण चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. मोकळ्या झालेल्या भुकेत बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, नाचणी, अळिवाचा लाडू येऊ द्या. मोड आणल्याने कडधान्यातलं, लोह शोषू न देणारं फायटेट कमी होतं आणि लोह जास्त मिळतं. उसळीवर किंवा पोह्यांवर लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. जेवणानंतर पेरूची फोड किंवा आवळा उत्तम. मासे-मटण चालत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा द्या. त्यातलं लोह सहज शोषलं जातं आणि सोबतच्या भाजी-भाकरीतलंही शोषायला मदत होते. आमटी लोखंडी कढईत करा, पण झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. गुळाच्या भरवशावर मात्र राहू नका. दहा ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह मिळतं.

तपासणीत कमतरता निघाली तर आहाराने ती भरून निघत नाही, औषध लागतंच. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. औषध दुधासोबत देऊ नका, लिंबूपाण्यासोबत द्या. जिभेच्या मागच्या बाजूला सोडून वर चूळ भरायला लावली तर दात काळे पडत नाहीत. शी काळी होईल, घाबरू नका. महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढायला हवं. इथेच बहुतेक घरांत चूक होते: आकडा सुधारला की बाटली बंद होते आणि साठा रिकामाच राहतो. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही औषध पुढे दोन-तीन महिने चालतं. आकडा हललाच नाही तर मात्रा मनाने वाढवू नका. औषध रोज पोटात जातं का ते पाहा, जंतांचं औषध झालंय का ते पाहा आणि थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या सौम्य आनुवंशिक दोषासाठी एचबीए-२ ही तपासणी डॉक्टरांना विचारा. आणि ही बाटली कुलपात ठेवा. लहान मुलाने ती एकदम प्यायली तर जिवावर बेतू शकतं.

खडू खाणं आणि चिडचिड बहुधा काही आठवड्यांत ओसरते, एकाग्रता सावकाश येते. मात्र बोलणं मागे असेल, नजरेला नजर देत नसेल, तर ते लोहावर सोडू नका. विकासाची वेगळी तपासणी करून घ्या.

प्रश्न : आठ वर्षांचा नातू वाढदिवसाच्या पार्टीहून आला की घर डोक्यावर घेतो. साखर बंद करावी का? – एक आजोबा, ठाणे

उत्तर : साखर दातांसाठी आणि वजनासाठी जरूर कमी करा. पण साखरेने मुलं उधळतात हा समज चाचण्यांत टिकलेला नाही. अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. साखर घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांच्या वागण्यात फरक आढळला नाही. पार्टीतला गोंगाट आणि हुकलेली झोपेची वेळ यांचा वाटा जास्त.

रंगांचं मात्र वेगळं आहे. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन इथे तीन आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक (पदार्थ टिकवणारं रसायन) घातलेली पेयं दिली, तेव्हा काही मुलांची चंचलता थोडी वाढली. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडच्या पाकिटांवर १०२, ११०, १२२, १२४ हे रंगांचे आणि २११ हा परिरक्षकाचा क्रमांक शोधा. तीन आठवडे हे पदार्थ पूर्ण थांबवून वागण्याची रोज दोन ओळी नोंद ठेवा, मग एकदा देऊन पाहा. फरक सगळ्यांत दिसत नाही. तुमच्या नातवात दिसतो का एवढंच पाहायचं आहे. सुटा रंगीत बर्फाचा गोळा या काळात नकोच, त्यावर कुठलाच क्रमांक नसतो.

प्रश्न : आम्ही घरात फक्त सैंधव मीठ वापरतो. सून गरोदर आहे, मोठा नातू सहा वर्षांचा. चालेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, कृपया बदला. साध्या सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. गर्भातल्या बाळाचा मेंदू घडताना थायरॉइडचं संप्रेरक लागतं, ते आयोडीनशिवाय बनत नाही, आणि त्या काळात राहिलेली उणीव नंतर भरून काढता येत नाही. सुनेला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं, नातवाला १२०. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं मीठ घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत शेगडीपासून लांब ठेवा आणि आमटी-भाजीत शेवटी घाला. मिठाचं प्रमाण वाढवू नका, फक्त मीठ बदला. सुनेला थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा.