स्कर्ट घालावासा वाटतो, म्हणजे मला काही झाले आहे का?

पुरुषाला स्कर्ट घालावासा वाटणे हा आजार आहे का, आणि आजार नसेल तर तो पुरुष समलैंगिक आहे किंवा त्याला स्त्री व्हायचे आहे असे समजायचे का, हे दोन प्रश्न समुपदेशनात बहुधा जोडीनेच येतात. विचारणारा कधी तो पुरुष स्वतः असतो, कधी त्याची पत्नी, तर कधी आई. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘केवळ कपड्यावरून काहीही समजू नये’ असे आहे. परंतु एवढ्या उत्तराने कोणाचीही भीती जात नाही. म्हणून एका गृहस्थांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने, त्यांची ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, त्यांच्याबरोबर झालेले काम येथे मांडते आहे.

हे गृहस्थ चाळिशीच्या जवळ आलेले, नोकरीत स्थिरावलेले, विवाहित आणि एका मुलीचे वडील. छातीत धडधड होते आणि मध्यरात्री जाग आली की पुन्हा झोप लागत नाही, या तक्रारीसाठी डॉक्टरांनी त्यांच्या सर्व तपासण्या केल्या होत्या आणि हृदयात दोष नसल्याचे सांगून त्यांना माझ्याकडे पाठवले होते. सुरुवातीच्या भेटींत ते कामाच्या ताणाबद्दल बोलत राहिले. मग एकदा, वेळ संपत आली असताना, त्यांनी खाली पाहत सांगितले की त्यांना एक ‘व्यसन’ आहे. विशीच्याही आधीपासून त्यांना स्कर्ट घालावासा वाटे. घरी कोणी नसले की ते घालत. कपाटावरच्या जुन्या बॅगांमागे दोन-तीन स्कर्ट लपवलेले असत. काही महिने गेले की स्वतःची इतकी किळस वाटे की ते कपडे कात्रीने कापून घरापासून लांबच्या कचराकुंडीत टाकून येत आणि पुन्हा असे करणार नाही अशी शपथ घेत. काही आठवडे हलके वाटे, मग ओढ परत येई, पुन्हा खरेदी होई आणि पुन्हा तेच सारे घडे. लग्न ठरले तेव्हा आता हे आपोआप थांबेल अशी त्यांची खात्री होती. मुलगी झाली तेव्हाही त्यांना तसेच वाटले होते.

विकत घेणे, लपवणे, नष्ट करणे आणि पुन्हा विकत घेणे हे चक्र अशा पुरुषांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येते, आणि त्याकडे नीट पाहिल्याखेरीज पुढचे काम होत नाही. कपडे फेकून दिल्यावर जो हलकेपणा येतो तो पकडले जाण्याची भीती काही काळ टळल्याचा असतो. त्या माणसाला मात्र तो बरे होण्याची सुरुवात वाटतो. साहजिकच ओढ परतली की आपण पुन्हा हरलो असे त्याला वाटते, आणि प्रत्येक फेरीबरोबर ‘हे व्यसनच आहे, माझा माझ्यावर ताबा नाही’ ही समजूत पक्की होत जाते. मी त्यांना विचारले की या गोष्टीमुळे काम बुडते का, पैसा वाया जातो का, मात्रा वाढवत न्यावी लागते का, कोणाला इजा होते का. चारही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असेच आले. पैसा वाया जात होता तो फक्त कापून टाकलेल्या कपड्यांत.

त्यानंतरचा प्रश्न त्यांना अनपेक्षित होता. स्कर्ट घातल्यावर नेमके काय होते, हे त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही स्वतःला विचारले नव्हते. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “काहीच होत नाही, मॅडम. मी वाचत बसतो. घरखर्चाचा हिशेब लिहितो. खांदे जरा सैल होतात, एवढंच.” किशोरवयात त्यात लैंगिक उत्तेजनाचा भाग होता आणि पुढे तो ओसरत गेला, हेही त्यांनी संकोचाने सांगितले. मी त्यांना स्पष्ट सांगितले की तो भाग अजूनही असता, तरी तेवढ्यावरून त्यांना आजारी ठरवता आले नसते.

हे केवळ माझे मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दुसऱ्या लिंगाचे समजले जाणारे कपडे घालण्याशी संबंधित निदाने होती. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. लिंगभाव-विसंगती, म्हणजे स्वतःला जाणवणारा लिंगभाव आणि जन्मावेळी नोंदलेले लिंग यांचा मेळ नसणे, हे निदान मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आले, आणि रूढ चाकोरीपेक्षा वेगळे वागणे किंवा वेगळी आवड असणे एवढ्यावरून ते निदान करू नये, असेही तेथे लिहिले आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत अशा कपड्यांशी जोडलेला एक विकार अद्याप आहे, परंतु त्यासाठी किमान सहा महिने टिकलेले तीव्र लैंगिक उत्तेजन आणि त्याच्या जोडीला लक्षणीय मानसिक त्रास किंवा दैनंदिन जीवनात अडथळा, या दोन्ही गोष्टी लागतात. कपडा घालणे हे स्वतःहून त्यातही निदान नाही. येथे एक पेच आहे आणि तो मला नेहमी अस्वस्थ करतो: ज्याला लहानपणापासून ‘बायकी’ म्हणून हिणवले गेले, त्याला त्रास होणारच, आणि मग तोच त्रास त्याच्या आजाराचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. म्हणून त्रास कपड्यातून येतो की लाजेतून, हे वेगळे करणे समुपदेशकाचे पहिले काम आहे. ब्रिटनमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत ही ओढ मोडून काढण्यासाठी पुरुषांना विजेचे झटके आणि ओकारी आणणारी औषधे देण्यात आली होती. ते दिवस गेले असले तरी ‘सोडवून देतो’ असे आश्वासन देणारे आजही भेटतात, आणि त्यांच्यापासून दूर राहावे असे मी प्रत्येकाला सांगते.

लिंगभावाची ओळख, तो व्यक्त करण्याची रीत आणि लैंगिक आकर्षण या तीन निरनिराळ्या बाबी आहेत आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, हे समजावणे सोपे असते. स्वतःच्या बाबतीत ते तपासणे अवघड असते. मी त्यांना वेगवेगळ्या भेटींत, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहिले: कोणी स्त्री म्हणून हाक मारली तर बरे वाटेल का? दाढी, आवाज, शरीर परके वाटते का? कोणालाच काही कळणार नसते, तर काय निवडले असते? प्रत्येक वेळी एकच उत्तर येत गेले. ते पुरुष होते, पुरुष असण्यात समाधानी होते, त्यांना पत्नीचेच आकर्षण होते, आणि त्यांना स्कर्ट आवडत होता. दुसऱ्या एखाद्याची उत्तरे वेगळी येतात. काहींच्या बाबतीत स्कर्ट ही एका मोठ्या, दीर्घकाळ दडवलेल्या जाणिवेची पहिली दृश्य खूण असते, आणि त्या व्यक्तीला पुढे पारलिंगी म्हणून जगायचे असू शकते. मी कोणालाही एका उत्तराकडे ढकलत नाही आणि दुसऱ्यापासून रोखतही नाही. या गृहस्थांना मात्र उत्तर लवकर हवे होते, शक्य असल्यास लेखी. आपण ‘तसे’ नाही हे कोणीतरी प्रमाणित करावे अशी त्यांची इच्छा होती. तसे असते तरी त्यात कमीपणा काय होता, हा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्यावर आम्हाला बराच वेळ थांबावे लागले.

इतिहासाचा आधार अशा वेळी कामी येईल असे सहज वाटते. स्कॉटलंडचा किल्ट, ग्रीक रक्षकांचा चुण्यांचा फुस्तानेला, आग्नेय आशियातील सरोंग, अशी उदाहरणे त्यांनी स्वतःच शोधून आणली होती आणि स्वतःच बाजूला सारली होती. त्यांचे म्हणणे असे की तेथे ते वस्त्र पुरुषाचेच मानले जाते, तर ‘मी घेतो ते बायकांच्या विभागातून’. हे म्हणणे बरोबर होते. त्यांना अधिक उपयोगी पडली ती वस्त्रांवरच्या बंदीची आणि ती विरत गेल्याची हकिगत. पॅरिसमध्ये १८०० साली असा हुकूम निघाला की पुरुषी वेश करू इच्छिणाऱ्या स्त्रीने पोलिसांची परवानगी घ्यावी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये हातात सायकलचे हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर सूट मिळाली, आणि तो हुकूम निष्प्रभ असल्याचे सरकारने अधिकृतपणे सांगितले ते २०१३ मध्ये. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ मधले, सुमारे अडीच वर्षांचे असतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हे बाळ पांढऱ्या स्कर्टमध्ये बसलेले आहे, आणि त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. २०२० मध्ये स्पेनमधील बिल्बाओ येथे स्कर्ट घालून शाळेत गेलेल्या एका मुलाला वर्गातून मानसशास्त्रज्ञाकडे नेण्यात आले, तेव्हा त्याच्या पाठिंब्यासाठी अनेक मुलगे स्कर्ट घालून शाळेत गेले आणि पुढे काही शिक्षकही तसेच वर्गावर उभे राहिले. हे ऐकून ते म्हणाले, “म्हणजे त्या पोराला तुमच्याकडे पाठवलं, आणि मी मात्र आपणहून आलो.” पाठवायला हवे होते ते त्याला पाहून बिथरलेल्या मोठ्यांना, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि ते मी त्यांना सांगितले.

पत्नीला सांगायचे की नाही, हा निर्णय त्यांचा होता. सांगायचे ठरल्यावर कसे सांगायचे यावर आम्ही सविस्तर बोललो, कारण येथे पद्धतीला फार महत्त्व असते. भांडणाच्या भरात सांगू नये, अचानक स्कर्ट घालून समोर उभे राहू नये, आणि लगेच संमतीची अपेक्षा धरू नये. आधी शब्दांत सांगावे, आपल्याला स्वतःबद्दल जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगावे, आणि समोरच्या व्यक्तीला प्रश्न विचारायला पुरेसा वेळ द्यावा. त्यांनी तसे केले. त्यानंतर त्यांच्या पत्नी एकट्या मला भेटायला आल्या. “यांना आता बाई व्हायचंय का? माझ्यात काही कमी होतं का? आणखी कोणाला माहीत आहे?” असे त्यांचे प्रश्न होते. पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाची उत्तरे पतीनेच द्यावीत, असे मी त्यांना सांगितले. मधल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले: ही ओढ त्यांची भेट होण्याच्या कितीतरी वर्षे आधीची होती, त्यामुळे ती त्यांच्यात काही कमी असल्यामुळे निर्माण झालेली नव्हती. एक गोष्ट मी आवर्जून सांगितली की पतीचा आदर राखण्यासाठी त्यांना स्कर्ट आवडायलाच हवा असे नाही. आपल्याला कोठवर चालेल हे त्या म्हणू शकतात, आणि ते मत बदलूही शकतात. त्यांनी तूर्त दोन गोष्टी ठरवल्या. घरात, सुटीच्या दिवशी हरकत नाही, परंतु शयनगृहात नको. पतीने ते मान्य केले. कपडे कापून फेकणे थांबले आहे, रात्रीची झोपही पूर्वीपेक्षा बरी लागते. पत्नीला मात्र काही दिवस अजून अवघड जातात आणि तसे त्या स्पष्टपणे म्हणतात.

घराबाहेर स्कर्ट घालायचा नाही असे त्या गृहस्थांनी सध्या ठरवले आहे. यात मला भित्रेपणा दिसत नाही. टोमणे, नोकरीतील कुजबुज आणि रस्त्यावर अंगावर येणारी माणसे ही खरी जोखीम आहे, आणि ती कधी पत्करायची हे ज्याच्या वाट्याला ती येणार त्यानेच ठरवायचे असते. जे उघडपणे वावरतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तसे वावरणे हा कोणावर लादण्याचा कार्यक्रम होऊ शकत नाही.

राहिला प्रश्न मुलीचा. ती प्राथमिक शाळेत आहे. वडिलांना स्कर्टमध्ये पाहून तिच्या मनावर परिणाम होईल का, असे दोघांनीही विचारले. आई-वडील शांत असतील तर या वयाची मुले असे बदल बरेच सहज घेतात. ‘बाबांना हा कपडा आवडतो’ एवढे सांगणे पुरते, आणि आणखी विचारले तर आणखी सांगावे. मुलांना जड जाते ते मोठ्यांचे गुपित सांभाळणे. म्हणून माझी एकच अट होती की ‘हे कोणाला सांगू नकोस’ असे तिला कधीही म्हणायचे नाही, आणि तिने शाळेत सांगितले तर चालेल अशी दोघांचीही तयारी झाल्याशिवाय तिच्यासमोर स्कर्ट घालायचा नाही. वडिलांची ती तयारी आहे असे ते म्हणतात. आईची अजून झालेली नाही, आणि पुढच्या भेटीत आम्ही त्यावरच बोलणार आहोत.