समुद्रात गेलेले साहित्य : पुन्हा घेताना काय पाहावे?

प्रश्न : श्वास रोखून बुडी मारायची आणि भाल्याने मासे टिपायचे, हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. या काळात काही भाले, एक सुरी, स्नॉर्केल (श्वास घेण्याची नळी) आणि अलीकडे बुडायला मदत करणारा कमरेचा शिशाचा पट्टाही समुद्रात गेला. दर वेळी तीच वस्तू मी पुन्हा विकत घेतो. हरवलेल्या वस्तूसाठी किती शोधाशोध करावी आणि नवी घेताना काय पाहावे?

उत्तर : आपल्या यादीतील शिशाचा पट्टा बाजूला काढू, कारण तो वेळप्रसंगी टाकून देण्यासाठीच असतो. संकटात एका हाताने बक्कल ओढताच तो सुटला पाहिजे. किमतीच्या विचाराने ज्याचा हात क्षणभरही थबकतो, त्याने चुकीचा पट्टा बांधला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे साधा, सहज सुटणारा पट्टा घ्यावा आणि त्याचा जोड घरी तयार ठेवावा.

शोधाशोध करताना खरा धोका असतो तो तळाशी. अडकलेला भाला उपसताना स्नायूंना श्रम पडतात, प्राणवायू भराभर खर्च होतो आणि ‘अजून एक हिसका’ म्हणत माणूस खालीच रेंगाळतो. नंतर वर येताना पाण्याचा दाब कमी होत जातो, तसा फुप्फुसांतील प्राणवायूचा दाबही घसरतो आणि शेवटच्या काही मीटरांत पूर्वसूचना न देता शुद्ध हरपू शकते. म्हणून भाला सोडणारी, त्याला दोरीने जोडलेली बंदूक तरंगत्या बोयाच्या दोरीला बांधलेली असावी. भाला अडकला की बंदूक सोडून वर यावे, बुडीला लागलेल्या वेळेच्या किमान दुप्पट विश्रांती घ्यावी आणि जोडीदाराची नजर आपल्यावर असतानाच पुन्हा खाली जावे. अनेकदा वरूनच वेगळ्या कोनातून दोरी ओढली की भाला सुटतो. तो सुटलाच नाही, तर दोरी शक्य तितकी भाल्याजवळ कापावी. खडकावर उरलेला लांब दोर पुढे कितीतरी काळ माशांना आणि बुडी मारणाऱ्यांनाही अडकवत राहतो.

भाला बहुधा एकाएकी जात नाही. त्याच्या शेपटाकडील छिद्रापाशी दोरी हळूहळू झिजलेली असते. प्रत्येक फेरीनंतर त्या टोकाच्या वीतभर दोरीवरून नख फिरवावे आणि खरखर लागली तर तेवढा भाग कापून दोरी पुन्हा बांधावी. छिद्राची कड धारदार असेल, तर नवी दोरीही टिकणार नाही. आधी ती कड घासून गुळगुळीत करावी. खडकाळ जागी एकेरी नायलॉनचा दोर घासण्याला चांगला तोंड देतो, तर डायनिमा या कृत्रिम धाग्याचा दोर मऊ आणि मजबूत असला तरी खडकाच्या धारेवर लवकर उसवतो.

बंदुकीचे, भाला फेकणारे रबर तुटण्याची वाट पाहू नये. ऊन आणि हवेतील ओझोन त्याला खातात. गाठीजवळ केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, की दोन्ही रबरे एकदमच बदलावीत, म्हणजे ताण सारखा राहतो. सुरीचे पाते ‘न गंजणारे’ असले तरी ओल्या म्यानात ते गंजते, कारण तिथे हवा पोहोचत नाही आणि पोलादावरचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही. सुरी आणि म्यान गोड्या पाण्याने धुऊन वेगवेगळे वाळवावे. स्नॉर्केलला एक छोटा तरंगता तुकडा बांधला, तरी पुरे.

प्रश्न : जुना वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) फाटल्यामुळे त्याच जाडीचा नवा घेतला. पट्ट्यावर पूर्वीइतकेच शिसे ठेवावे का?

उत्तर : तसे गृहीत धरू नये. वेटसूटच्या रबरात वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात. वर्षानुवर्षे दाब सोसून ते चेपतात, सूट पातळ होतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती घटते. नव्या सूटमध्ये ते भरलेले असल्याने पृष्ठभागावर तो अधिक तरंगतो. मात्र 10 मीटर खाली दाब दुप्पट होऊन वायूचे आकारमान जवळपास निम्मे होते. म्हणजे केवळ वरच्या तरंगण्याला कंटाळून शिसे वाढवले, तर खाली तेच जड पडते. नवा सूट घालून उथळ पाण्यात जोडीदारासोबत चाचणी घ्यावी : पूर्ण श्वास सोडल्यावरही आपण पृष्ठभागावर तरंगत राहिले पाहिजे. बुडत असाल, तर शिसे कमी करावे. काही महिन्यांच्या वापरानंतर सूट बसला, की हीच चाचणी पुन्हा करावी.