उडती तबकडी जवळ आली की गाडी बंद पडते, असं खरंच कधी घडलंय का?

घडल्याची नोंद आहे. २ नोव्हेंबर १९५७ च्या रात्री अमेरिकेत टेक्सासमधल्या लेव्हलँड गावाबाहेर एका ट्रकवाल्याला झगझगीत लांबुळकी वस्तू डोक्यावरून जाताना दिसली. इंजिन बंद, हेडलाइट गुल. ती लांब गेल्यावर ट्रक पुन्हा सुरू! मग रात्रभर पोलीस चौकीचा फोन वाजत राहिला. वेगवेगळ्या रस्त्यांवरचे चालक हेच सांगत होते.

हवाई दलाने गोलाकार वीज, म्हणजे वादळात कधीकधी दिसणारा विजेचा चमकता गोळा, आणि वादळ हे कारण दिलं. मला ते पटत नाही. त्यांचेच सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक, यांनी आधी मान डोलावली होती, पण पुढे त्याबद्दल खंत व्यक्त केली. परग्रहवासीच होते असं मी म्हणणार नाही. पण त्या चालकांना खोटं ठरवणं अन्यायाचं आहे.