सॉकर, रगर आणि आपला पक्या

प्रश्न : ‘सॉकर’ हा अमेरिकनांनी काढलेला शब्द, इंग्लंडात फुटबॉलच म्हणतात, असं माझा मुलगा सांगतो. खरं काय? शब्दात ‘फूट’ नाही नि ‘बॉल’ही नाही, मग तो आला कुठून?

उत्तर : शब्द अस्सल इंग्लंडचा, तोही ऑक्सफर्डच्या पोरांचा. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियमांनी खेळायचा तो ‘असोसिएशन फुटबॉल’. रग्बी गावच्या शाळेत रुजलेला, चेंडू हातात घेऊन पळायचा तो ‘रग्बी फुटबॉल’. दोन्ही फुटबॉलच, त्यामुळे बोलताना कुठला ते सांगावं लागे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना तेव्हा शब्द तोडून मागे ‘-अर’ लावायची सवय होती. ब्रेकफास्टचा ‘ब्रेकर’, रग्बीचा ‘रगर’, आणि ‘असोसिएशन’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘soc’ म्हणजे ‘सॉक’ उचलून ‘सॉकर’.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्यात टिळक रस्त्यावर एस. पी. कॉलेजच्या मैदानाशी संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. ‘पक्या, इकडे!’ ‘मंग्या, सोड ना बॉल!’ प्रकाशचा पक्या, मंगेशचा मंग्या, संतोषचा संत्या. ओळखू येईल एवढा तुकडा ठेवायचा, बाकीचा टाकायचा आणि वर ‘-या’ चढवायचा. पक्यात तर ‘प्र’मधला ‘र’सुद्धा गळतो. आणि अशी हाक मारायचा हक्क बरोबरीच्यांनाच. शिक्षक हजेरी घेताना प्रकाशच म्हणणार. ऑक्सफर्डचा ‘-अर’ हाच सलगीचा प्रत्यय आहे. सॉकर समजावून सांगायला मला तरी पक्याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव त्यांच्या स्वतःच्या खेळाने बळकावलं, म्हणून तिथे सॉकर टिकला. पण खुद्द इंग्लंडातही विसाव्या शतकात बराच काळ तो सर्रास चालत होता. मुलाला एवढं जरूर सांगा.

जाता जाता, पुणेकरांच्या जिव्हाळ्याचं एक. बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी जाळी बांधून तो खेळत आणि मायदेशी जाताना खेळ बरोबर नेत. तिकडे ग्लॉस्टरशायरमध्ये ड्यूक ऑफ ब्यूफर्टचा ‘बॅडमिंटन हाउस’ नावाचा वाडा आहे. त्या वाड्याचं नाव खेळाला चिकटलं आणि आपल्या गावाचं गळून पडलं.